चकाकणाऱ्या वस्तूंचे फोटो घरी कसे काढावेत: आधी पृष्ठभाग ओळखा, मग प्रकाश लावा

तांब्याचा लोटा घासूनपुसून लख्ख केला, खिडकीशी ठेवला, मोबाइलने फोटो काढला. फोटोत लोट्याच्या पोटावर खिडकीचे गज, फोटो काढणाऱ्याचा हात आणि वरची ट्यूबलाइट दिसते. लोटा मात्र कुठे काळपट, कुठे पांढराफटक. घरगुती वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या बहुतेकांना पहिल्या दिवशी हाच अनुभव येतो, आणि बहुतेकजण त्यावर एकच उपाय करतात, तो म्हणजे आणखी एक दिवा लावणं. त्याने लोट्यावर आणखी एक पांढरा ठिपका वाढतो, दुसरं काही होत नाही.

चकचकीत वस्तू स्वतः दिसत नाही, तिच्यात तिच्या भोवतालचं जग दिसतं. म्हणून तिच्यावर प्रकाश टाकण्यापेक्षा तिच्या समोर काय ठेवलंय याची व्यवस्था लावायची असते. मडकं, गोधडी, खादी यांचं नेमकं उलट: त्यांच्या समोर काय आहे याने फारसा फरक पडत नाही, प्रकाश कोणत्या बाजूने येतो याने पडतो. हा भेद हाताला आणि डोळ्याला कळला की महागड्या दिव्यांची गरज उरत नाही. पांढरं धोतर, दोन थर्माकोलच्या शीट, काळा कार्डपेपर आणि एक खिडकी एवढ्यावर उत्तम काम होतं.

पायरी १: अंधाऱ्या खोलीत टॉर्चची परीक्षा

कॅमेऱ्याला हात लावण्याआधी हे करा. रात्री खोलीतले दिवे घालवा. टेबलावर एक साधा पांढरा कागद, स्टीलचं ताट, लाल प्लास्टिकचा मग आणि तांब्याचं भांडं ठेवा. मोबाइलचा टॉर्च एका जागी स्थिर ठेवून टेबलाकडे वळवा आणि स्वतः टेबलाभोवती फिरा.

कागद कुठूनही पाहिला तरी साधारण तेवढाच उजळ दिसतो. ताट बहुतेक ठिकाणांहून काळं दिसतं आणि एकाच जागी आल्यावर डोळे दिपवतं. शाळेत शिकलेला नियम तो हाच: आपतन कोन आणि परावर्तन कोन समान. कागदालाही हाच नियम लागू आहे. पण दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि कागदाचे तंतू त्याच्या कितीतरी पट जाड. प्रकाशाच्या दृष्टीने कागद म्हणजे डोंगरदऱ्यांचा मुलूख. प्रत्येक किरण वेगळ्या उतारावर आपटतो, काही तंतूंच्या आत शिरून दोन-चार वेळा वळून बाहेर येतात, आणि सगळीकडे पसरतात.

आता मगाकडे नीट पाहा, कारण सगळ्यात जास्त वस्तू या जातीच्या असतात. मग सगळीकडून लाल दिसतो, पण एका कोनातून त्यावर टॉर्चचा ठिपका दिसतो आणि तो ठिपका लाल नसून पांढरा असतो. म्हणजे इथे दोन परावर्तनं एकाच वेळी चालू आहेत. काही प्रकाश वरच्या गुळगुळीत थरावरूनच परततो, त्याला रंग चिकटत नाही. बाकीचा आत जातो, तिथल्या रंगद्रव्याने गाळला जातो आणि लाल होऊन चहूकडे बाहेर पडतो. वार्निश केलेलं लाकूड, ग्लेझ केलेली बरणी, सफरचंद, पॉलिश केलेलं चामडं, सगळ्यांचं हेच.

तांब्यावरचा ठिपका मात्र तांबूस असतो. धातूत प्रकाश खोल शिरतच नाही. जे काही होतं ते पृष्ठभागावरच. तांबं निळ्या-हिरव्या भागातला बराच प्रकाश शोषतं आणि लाल-नारिंगी परत पाठवतं, म्हणून त्याची चमकच रंगीत. रंगीत चमक दिसली की तो धातू, पांढरी चमक दिसली की वरचा थर धातूचा नाही, किंवा धातू असलाच तर चांदी-स्टीलसारखा बिनरंगाचा.

जाता जाता आणखी एक पाहून ठेवा. कागद डोळ्याच्या पातळीत जवळजवळ आडवा धरून टॉर्चकडे पाहा. तोच कागद आता चकाकतो. फार तिरप्या कोनातून जवळपास प्रत्येक गोष्ट चमकते. म्हणून टेबलावरच्या वस्तूचा फोटो अगदी खालून, टेबलाला टेकून काढला की पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते.

पायरी २: जागा

थेट ऊन न येणारी खिडकी निवडा. उत्तरेकडची असेल तर वर्षाचा बराचसा काळ काम सोपं होतं. ऊन येतच असेल तर खिडकीवर पांढरं धोतर किंवा मलमल ताणून लावा. घरातले सगळे दिवे बंद. हे टाळू नका: खिडकीचा प्रकाश निळसर, बल्बचा पिवळा, आणि दोन्ही मिसळले की वस्तूची एक बाजू एका रंगाची, दुसरी दुसऱ्याच. कॅमेऱ्याला एकाच वेळी दोन्ही सुधारता येत नाहीत.

धोतर का? आकाशात सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. एवढ्या लहान उगमाचं प्रतिबिंब म्हणजे छोटा, जळजळीत ठिपका आणि सावलीची कडक कड. तोच प्रकाश धोतरावर पसरला की उगम धोतराएवढा मोठा होतो. प्रतिबिंब रुंद आणि सौम्य होतं, सावलीची कड विरघळते. इथे महत्त्व असतं ते वस्तूच्या जागेवरून दिवा केवढा दिसतो याला. मोठी खिडकी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर ती वस्तूच्या दृष्टीने लहानच. त्यामुळे टेबल खिडकीच्या जवळ न्या, हाताच्या अंतरावर.

मोबाइल स्टँडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा. वस्तूवर बोट ठेवून फोकस लॉक करा, मग शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली-वर ओढून उजेड ठरवा. कॅमेरा सगळ्या चित्राची सरासरी मध्यम करड्यावर आणू पाहतो. पांढऱ्या कागदावरची पांढरी वस्तू त्यामुळे मळकट येते, काळ्या कापडावरचा दागिना पांढरा पडतो. पहिल्या वेळी उजेड वाढवा, दुसऱ्या वेळी कमी करा. मोबाइलचा फ्लॅश कायमचा बंद ठेवा. तो लेन्सच्या शेजारी असतो, त्यामुळे समोरच्या प्रत्येक चकचकीत पृष्ठभागावरून थेट लेन्समध्येच परततो.

पायरी ३: आधी खरखरीत वस्तू

शिकायची सुरुवात मडकं, गोधडी, घोंगडी किंवा विणलेल्या टोपलीपासून करा. वस्तूच्या एका बाजूला खिडकी येऊ द्या. प्रकाश पृष्ठभागाला घासत गेला की गोधडीच्या प्रत्येक टाक्याच्या मागे बारीक सावली पडते आणि हाताचं काम उठून दिसतं. समोरून प्रकाश दिला तर त्याच टाक्यांचा सपाट कागद होतो. सावलीची बाजू फार काळी वाटली तर तिकडे थर्माकोल उभा करा आणि पुढे-मागे सरकवून पाहा. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

मडकं ओलं करून फोटो काढायचा मोह होतो. ओलं मडकं गडद आणि तकतकीत दिसतं, कारण पाणी खाचखळगे भरून वर गुळगुळीत थर करतं आणि आत गेलेला प्रकाश सहज बाहेर पडत नाही. दिसायला छान, पण गिऱ्हाइकाला कोरडं मडकं पोचणार आहे. मी तरी हे करत नाही.

पायरी ४: तांबं, पितळ, चांदी

इथे वेळ घ्या.

आधी सपाट वस्तू, म्हणजे परात किंवा ताट. ते टेबलावर ठेवा, मोबाइल जागेवर पक्का करा. आता ताटावर एक छोटा आरसा आडवा ठेवा आणि लेन्सच्या जागी डोळा आणून त्यात पाहा. आरशात छताचा किंवा भिंतीचा जो भाग दिसतो, तोच भाग ताटात दिसणार आहे. तिथे पंखा असेल तर ताटात पंखा. आरसा ताटाच्या चारही कडांना सरकवून पाहा, म्हणजे सांभाळायचा प्रदेश केवढा आहे ते कळेल. तो पूर्ण झाकेल असा पांढरा कापडाचा तुकडा किंवा थर्माकोल तिथे धरा आणि त्या थर्माकोलवर खिडकीचा उजेड पडू द्या. ताट एकदम उजळतं, आणि त्याच्यावर वेगळा दिवा टाकलेलाच नसतो. आरसा काढून फोटो घ्या.

गोल लोट्याला ही युक्ती पुरत नाही. सपाट पृष्ठभाग खोलीचा एक तुकडा दाखवतो. गोलाई जवळजवळ अख्खी खोली दाखवते, तुमच्यासकट. म्हणून लोट्याभोवती पांढरा तंबू करावा लागतो. दोन खुर्च्यांच्या पाठींवरून धोतर टाका, ते वरून आणि दोन्ही बाजूंनी खाली येऊ द्या, आणि समोर लेन्सपुरती फट ठेवा. मोबाइल मागे न्या आणि दुप्पट झूमची लेन्स वापरा; दूर गेलात की प्रतिबिंबात मोबाइल एवढासा होतो. स्वतः काळे किंवा करडे कपडे घाला. लाल कुर्ता घालून पितळेचा फोटो काढला तर पितळेच्या पोटावर लाल पट्टा येतो आणि तो नंतर पुसणं जिकिरीचं असतं.

नुसत्या पांढऱ्या तंबूत मात्र नवीनच अडचण येते. चहूकडे पांढरं, म्हणजे लोट्यात सगळीकडे सारखंच प्रतिबिंब. तो धातूचा न वाटता रंगवलेल्या पुठ्ठ्याचा वाटू लागतो. धातू धातू वाटतो तो उजळ आणि गडद पट्टे शेजारी शेजारी असल्यामुळे. म्हणून तंबूच्या आत, फोटोच्या चौकटीच्या जरा बाहेर, डावी-उजवीकडे काळ्या कार्डपेपरच्या उभ्या पट्ट्या लावा. लोट्याच्या दोन्ही कडांना गडद रेघ येते, गोलाई उभी राहते, पांढऱ्या पार्श्वभूमीपासून कड सुटी दिसते. पट्टी दोन बोटं सरकवली तरी चित्र बदलतं. लेन्समधून पाहत पाहतच ती सरकवा, आणि या कामात घाई करू नका.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतली भांडी पाहिली असतील तर मठारकाम आठवेल: हातोडीने एकेक ठोका देत सगळ्या भांड्यावर उठवलेली ओळीने चाललेली नक्षी. त्या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, आणि प्रकाशाच्या बाबतीत प्रत्येक ठोका म्हणजे स्वतंत्र, छोटा वक्र आरसा. प्रत्येकात खिडकीचं आपलं आपलं प्रतिबिंब. खिडकी पूर्ण उघडी असेल तर हे ठिपके रुंद होऊन एकमेकांत मिसळतात आणि नक्षी मंदावते. इथे मी पांढऱ्या तंबूच्या विरुद्ध जातो: खिडकीवर काळा कागद लावून वीतभर रुंदीची उभी फट तेवढी ठेवतो, भांडं फटीच्या बाजूला, आणि दुसरीकडून थर्माकोलचा हलका उजेड. प्रत्येक ठोक्यात बारीक उजळ रेघ उमटते आणि ती रांग भांड्याच्या पोटावरून वळत जाते. कारागिराची मेहनत फोटोत दिसायची असेल तर याला पर्याय नाही.

चांदीचं वेगळं. ती दृश्य प्रकाशातला सुमारे ९५ टक्के भाग परत पाठवते आणि सगळ्या रंगांना जवळपास सारखंच वागवते, त्यामुळे तिचा स्वतःचा रंग असा फारसा नसतोच. पिवळ्या भिंतींच्या खोलीत हुपरीचे पैंजण पिवळे दिसतात. चांदीभोवती फक्त पांढरं, करडं आणि काळं ठेवा. कोल्हापुरी साजासारख्या सोन्याच्या दागिन्याला शेजारी पांढरा कागद असू द्या, नाहीतर चौकटभर पिवळं पाहून मोबाइल रंग आपणहून निळसर करतो आणि सोनं फिकं पडतं.

फोटोआधी भांडं चिंचेने किंवा लिंबू-मिठाने घासा, कोरड्या मऊ कापडाने पुसा, आणि नंतर उघड्या हाताने धरू नका. बोटांचा ठसा म्हणजे तेलाचा थर. डोळ्याला न दिसलेला ठसा फोटोत ठळक दिसतो.

पायरी ५: रेशीम आणि जर

सुती साडी खरखरीत वस्तूंच्या रीतीने काढा. पैठणी तशी निघत नाही.

रेशमाचा धागा लांब, अखंड आणि गुळगुळीत असतो. असे हजारो धागे समांतर असले की चमक एका बिंदूपाशी न राहता पट्ट्यासारखी पसरते. तेल लावलेल्या केसांवर आडवा उजळ पट्टा दिसतो तो याच कारणाने. प्रकाशाच्या दिशेला आडवे असलेले धागे वरून पाहणाऱ्याला उजळ दिसतात, आणि प्रकाशाच्या दिशेनेच जाणारे मंद. येवल्याच्या किंवा पैठणच्या धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. मग साडी हलली की रंग का बदलतो हे वेगळं सांगायला नको: एकदा एक धागा उजळतो, एकदा दुसरा.

करून पाहा. साडी टेबलावर सपाट पसरा, खिडकी डावीकडे, मोबाइल बरोबर वर. एक फोटो घ्या. आता साडी काटकोनात फिरवून तसाच दुसरा घ्या. दोन फोटोंत दोन वेगळ्या साड्या वाटतील. विक्रीसाठी दोन्ही टाका, आणि तिसरा फोटो मोठ्या, सैल चुण्या घातलेल्या पदराचा. चुणीच्या वळणावर दोन्ही रंग एकाच चौकटीत येतात. ‘फोटोत वेगळी दिसत होती’ ही तक्रार धूपछाव साडीबाबत सगळ्यात जास्त येत असेल, आणि ती फोटोनेच मिटते.

जर मात्र धातूसारखी वागते. काठाच्या जरीला मोठा पांढरा पृष्ठभाग ‘दिसायला’ हवा. पदराच्या वरच्या बाजूला तिरपा थर्माकोल धरा आणि जरी झळकेपर्यंत त्याचा कल बदला.

पायरी ६: काच

स्वच्छ काच समोरून आलेल्या प्रकाशातला प्रत्येक पृष्ठभागामागे जेमतेम ४ टक्के भाग परत पाठवते, म्हणजे तसबिरीच्या काचेच्या दोन बाजूंचे मिळून सुमारे ८. आकडा छोटा, पण मागचं चित्र गडद असेल आणि समोर उजळ खिडकी असेल तर ते ८ टक्के चित्राला झाकून टाकतात. म्हणून तसबिरीचा फोटो काढताना तसबीर खिडकीशी काटकोनात ठेवा आणि तुमच्या पाठीमागची बाजू अंधारी करा. मागे काळी चादर टांगली तर उत्तम. काचेत अंधारच दिसतो आणि त्यातून चित्र स्वच्छ येतं.

एवढ्याने भागलं नाही तर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी गाळणी. १८०८ साली एत्येन मालुस या फ्रेंच संशोधकाने पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतलेला मावळतीचा प्रकाश कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिला आणि स्फटिक फिरवला की प्रतिबिंब मंदावतं हे त्याच्या लक्षात आलं. काचेवरून, पाण्यावरून तिरपा परतलेला प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं मुख्यतः एकाच दिशेत असतात, म्हणून अशा गाळणीने तो अडवता येतो. आपल्याकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली इंग्लंडहून मुंबईला येताना नारकुंडा जहाजावरून हेच तत्त्व वापरलं. निकोल प्रिझममधून (कॅल्साइटचाच, पोलरायझरचं काम करणारा लोलक) समुद्राकडे पाहत त्यांनी पाण्यावरचं आकाशाचं प्रतिबिंब जवळजवळ घालवलं, तरी समुद्र निळाच राहिला. निळाई निव्वळ आकाशाची उसनी नसून पाण्यातल्या विखुरण्याची आहे, हे सांगणारं टिपण त्यांनी मुंबई बंदरातून ‘नेचर’ला धाडलं.

तुम्हाला प्रिझम लागत नाही. पोलराइज्ड गॉगलची काच मोबाइलच्या लेन्ससमोर धरा आणि हळूहळू फिरवा. काचेला लंब रेषेपासून सुमारे ५६ अंशांच्या कोनातून पाहत असाल तर प्रतिबिंब जवळजवळ नाहीसं होतं. पाण्यासाठी तो कोन ५३ अंश. अगदी समोरून पाहिलं तर काहीच फरक पडत नाही. आणि तांब्या-पितळेवर याची मात्रा चालत नाही, कारण धातूवरून परतलेला प्रकाश असा ध्रुवित होत नाही. स्टीलच्या भांड्यांसाठी पोलरायझर विकत घेऊ नका.

लोणच्याची किंवा मधाची बरणी काढायची तर खिडकी बरणीच्या मागे येऊ द्या. उजेड मधातून आरपार येतो आणि रंग खुलतो. बरणीची कड पांढऱ्यात विरून जाते, तिच्यासाठी पुन्हा तेच: दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. लेबल अंधारात जाईल, त्याच्यासमोर खालून हातभर कागद धरा.

पायरी ७: वार्निश, लाख, ग्लेझ

सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं ही टॉर्चच्या परीक्षेतल्या मगाची भावंडं. खाली रंग, वर चमकता थर. नवखे लोक इथे चमक पूर्ण घालवायला बघतात, आणि फळ खडूचं वाटायला लागतं. चमक राहू द्या, फक्त एकच आणि जागच्या जागी. खिडकीचं प्रतिबिंब फळाच्या वरच्या तिसऱ्या भागात, एका बाजूला येईल असं फळ फिरवा. बाकीच्या सगळ्या ठिपक्यांचे उगम शोधून एकेक झाका: ट्यूबलाइट, टीव्ही, समोरचा उघडा दरवाजा. गज दिसत असतील तर खिडकीवर धोतर.

फोटो झाल्यावर तो मोबाइलवर मोठा करून तीन ठिकाणी पाहा. उजळ भागात नक्षी किंवा पोत दिसतोय का. नसेल तर सूर्याचं चिन्ह खाली ओढून पुन्हा घ्या, कारण पूर्ण पांढरा झालेला भाग एडिटिंगमध्ये परत येत नाही. कडा पार्श्वभूमीपासून सुट्या आहेत का. आणि प्रतिबिंबात ओळखू येण्याजोगं काही राहिलंय का: चेहरा, घराचं दार, भिंतीवरचं कॅलेंडर. शेवटची गोष्ट सुंदरतेपुरती नाही. चकचकीत किटलीवरून घरातलं बरंच काही अनोळखी माणसांपर्यंत पोचतं.

वर्णनात पृष्ठभागाचं नाव लिहा: मठार की सपाट, मंद पॉलिश की आरशासारखी, वार्निश आहे की नाही. फोटो पाहून पडणारे निम्मे प्रश्न त्या एका ओळीने सुटतात.